मागची दोन चाकं

मी आठ वर्षं गाड्या विकते आहे. पुण्यात, एका परदेशी कंपनीच्या शोरूममध्ये. माझ्या स्वतःच्या नावावर एक दुचाकी आहे, आणि सुट्टीला घरी जाते ती एसटीने. घर म्हणजे वालचंदनगर. वडील तिथल्या कारखान्यात मशीनवर होते. माझं बालपण क्वार्टरमध्ये गेलं, कॉलेज बारामतीत झालं. इतकी वर्षं पुण्यात काढूनही कुणी आपल्या बोलीत बोललं की माझी जीभ आपोआप तिकडे वळते. गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी ती मुद्दाम वळवते, हेही इथेच सांगून टाकते.

आमच्याकडे एक गाडी यायची. कंपनीच्या उंच गाड्यांमधली सगळ्यात लहान. लांबीला आटोपशीर, पण जमिनीपासून चांगली उचललेली. आत कातडी सीटं, वर काचेचं छत, पुढे तो सगळ्यांना ठाऊक असलेला बिल्ला. तिचे तीन प्रकार होते, पेट्रोलचे दोन आणि डिझेलचा एक. शेजारी शेजारी उभे केले तर मालकालाही आपला कुठला ते सांगता आलं नसतं. खरा फरक खाली होता, जिथे वाकून कुणी बघत नाही. पेट्रोलच्या दोन्ही प्रकारांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जायची. डिझेलच्या प्रकारात ती चारही चाकांना जायची. आयुष्यभर डांबरावर गाडी चालवणाऱ्याला हा फरक कधी कळतही नाही. चिखलात गेलं की कळतो.

पिंपळीच्या आबांना माझा नंबर माझ्या वडिलांच्या एका मित्राने दिला होता. आबांची ऊसरोपांची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली हजारो ट्रे, आणि अख्ख्या तालुक्यातून रोपं न्यायला येणारे लोक. माणूस साठीच्या पुढचा, सडसडीत, कमी बोलणारा. कर्ज काढून काही घेणाऱ्यातला नव्हे. त्यांना गाडी हवी होती ती काकींसाठी, म्हणजे त्यांच्या पत्नीसाठी. काकींचे गुडघे गेले होते. जुन्या बुटक्या गाडीत बसताना त्यांना दोघांनी धरावं लागायचं, आणि लेक दिली होती इंदापूरला, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी तिकडे फेरी असायचीच.

गाडी दाखवायला मीच पिंपळीला गेले. शोरूमची दाखवायची गाडी नेली होती. ती डिझेलची होती, चारही चाकं ओढणारी. काकी दारापाशी आल्या, सीटवर नुसत्या टेकल्या, पाय आत घेतले आणि हसल्या. "अगं बया, ह्यात बसताना देव आठवत न्हाय!" त्यांनी तीनदा उतरून तीनदा बसून पाहिलं.

मग आबांनी चाक हातात घेतलं. रस्त्यावर न जाता त्यांनी गाडी सरळ रोपवाटिकेच्या मागच्या वाटेला घातली. तिथे पाइपचं पाणी साठून काळ्या रानाचा राडा झाला होता. गाडी जराशी घसरली, थबकली आणि मागून कुणी उचलून दिल्यासारखी बाहेर निघाली. आबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी विसरलेले नाही. वीस वर्षांचं पोर दिसत होतं ते.

"हीच पायजे," ते म्हणाले. "कुठं अडायची न्हाय ही."

शोरूममध्ये परत आल्यावर कळलं की डिझेलच्या गाडीला चार महिने थांबावं लागणार. आबांना इतकं थांबायचं नव्हतं. इंदापूरजवळ त्यांच्या व्याह्यांनी मळ्यात नवं घर बांधलं होतं. तीन आठवड्यांवर वास्तुशांत होती, आणि काकींना तिथे नव्या गाडीतून उतरायचं होतं. आमच्या शोरूमच्या आवारात पेट्रोलची एक गाडी उभी होती. तोच निळा रंग, तीच सीटं. महिना संपायला चार दिवस होते. आमच्याकडे भिंतीवर एक फळा असतो. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे विकलेल्या गाड्यांचा आकडा लिहितात. त्या महिन्यात एक गाडी जास्त गेली असती तर मला टीमची प्रमुख करणार होते. मी आबांना फोन केला.

"आबा, निळी गाडी हाय. पुढच्या आठवड्यात दारात येईल. फकस्त पेट्रोलवरची हाय."

"आन फरक काय तिच्यात?"

"इंजिनाचा. बाकी गाडी तीच."

मग त्यांनी विचारलं, "चारी चाकं वढत्यात न्हवं?"

याचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणाले, "आबा, तुमी चालवून बघितली की. ही गाडी कुठं अडती का?"

ते हसले. "न्हाय अडत," म्हणाले.

कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी तो त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी खिशातून चष्मासुद्धा काढला नाही. "तू वालचंदनगरची, म्हंजे घरचीच," असं म्हणून त्यांनी दाखवेन तिथे सह्या केल्या. संध्याकाळी फळ्यावर माझ्या नावापुढचा आकडा बदलला, आणि पुढच्या महिन्यात मी टीमची प्रमुख झाले. मी स्वतःला समजावलं की ते कुठे रोज चिखलात जाणार आहेत? पिंपळी ते इंदापूर सगळा डांबरी रस्ताच तर आहे.

वास्तुशांत होऊन दोन दिवस झाल्यावर आबांचा फोन आला. आवाज दबलेला होता, जवळ कुणी ऐकू नये असा.

"पोरी, येक इचारायचं हुतं. ते चारी चाकांचं बटान कुठं असतंय?"

मी विचारलं, "काय झालं आबा?"

त्यांनी थांबत थांबत सांगितलं. व्याह्यांच्या नव्या घराकडे जाणारी वाट अजून कच्ची होती. आदल्या रात्री पाट फुटून तिच्यावर पाणी आलं होतं. बाकीच्या बहुतेक पाहुण्यांनी गाड्या रस्त्याला लावल्या आणि चालत आले. काकींना चालवत नव्हतं. आणि आबांना तर गाडीची खात्री होती. व्याही समोरून हात करत होते, "पाव्हणं, तितंच थांबा," पण आबा म्हणाले, ही चारी चाकांची हाय, आणि गाडी वाटेला घातली. मधोमध ती रुतली. जितका जोर द्यावा तितकी खाली गेली. शेवटी ट्रॅक्टर आणून, साखळी लावून ओढावी लागली, आणि ओढताना पुढच्या बाजूचं प्लॅस्टिक निखळून चिखलात पडलं. सगळा मांडव बघायला आला होता. काकींना दोन बायांनी धरून चिखलातून आणलं. पैठणी गुडघ्यापर्यंत भरली होती.

"येक जण म्हनला, गाडी भारी हाय पर डायव्हर म्हातारा हाय," आबा म्हणाले. "माजं काय चुकलं ते सांग. बटान दाबायचं ऱ्हायलं का?"

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. आजही मी ते वाक्य मनात म्हणून बघते, आबा, तुमच्या गाडीला ती सोयच नाही. पाच-सहा शब्द तर आहेत. पण समोर काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर बसले होते, माझं प्रमुखपद दोन आठवड्यांचं होतं, आणि मी म्हणाले, "बटण नसतं आबा. ते आपोआप लागतं. चिखलात पाय हलका ठेवायला लागतो. तुमी जोर जास्त दिला आसंल."

"आसंल," ते म्हणाले. "व्हय, जोर दिला मी. माजाच पाय चुकला."

आणि एवढं बोलून त्यांनी माझे आभार मानले.

आमच्याकडे गिऱ्हाइकाला मधूनमधून फोन करून गाडीची विचारपूस करायची पद्धत आहे. आबांचं नाव यादीत आलं की मी ते पुढे ढकलायचे. दहा महिने झाल्यावर ते ढकलता येईना. मी फोन लावला तो काकींनी उचलला.

"गाडी झ्याक हाय गं," त्या म्हणाल्या. "माज्या गुडग्यास्नी लई बरी. पर आता हे चालवत न्हाईत. पुतण्याला बोलावतो कुठं जायचं असलं की."

"का? तब्येत बरी न्हाय का आबांची?"

"तब्येतीला काय धाड भरली? पर त्या दिसापास्नं मीच किल्ली काढून घेतली. मानसाला कळाय पायजे की आता आपलं वय झालं. बोलत बी न्हाईत त्यावर. ट्रॅक्टर सुदिक चालवायचं सोडलं बग."

फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन बसले. ट्रॅक्टर सोडला, हे शब्द डोक्यातून जाईनात. तो माणूस चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होता. मला गाडीबद्दल वाईट वाटत होतं तोपर्यंत मी तग धरून होते. गाडीचं काय, भरपाई होते, बदलून मिळते. पण मी त्यांच्याकडून जे काढून घेतलं होतं ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तरीही मी लगेच गेले नाही. आणखी दोन महिने गेले. दिवाळीनंतर चार दिवस घरी गेले तेव्हा वडील जेवताना सहज म्हणाले, "पिंपळीच्या पाहुण्यांची गाडी बरी आहे ना? चांगला माणूस. परवा भेटले तर तुझं फार कौतुक करत होते." दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता बारामतीच्या एसटीत बसले आणि पिंपळीला उतरले.

आबा जाळीखाली ट्रेवर पाणी मारत होते. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि तोच मला सोसेना. काकींनी चहा आणला. "आता जेवूनच जा, भाकरी टाकतेच," म्हणाल्या. मी म्हटलं, काकी, आधी बसा. मला काहीतरी सांगायचंय.

मी सांगितलं. एका दमात. दाखवायला आणलेली गाडी वेगळी होती, दिलेली वेगळी. तुम्ही विचारलं तेव्हा मी उत्तर चुकवलं. फोन केलात तेव्हा तर सरळ खोटं बोलले. तुमचा पाय चुकला नव्हता. त्या वाटेवर ती गाडी कुणालाही काढता आली नसती.

पाण्याचा पाइप आबांच्या हातात होता आणि पाणी तसंच पायाशी सांडत होतं.

"म्हंजे मागची चाकं नुसती फिरत्यात?" त्यांनी विचारलं.

"हो आबा. ओढतात फक्त पुढची."

"तरीच." त्यांनी पाइप खाली ठेवला. "मी दार उघडून बघितलं हुतं त्या दिशी. पुढची गरगरत हुती आन मागची मेल्यावानी गप. डोळ्यानं बघितलं. पर तू म्हनलीस, आपोआप लागतं. मंग मला वाटलं, माजं डोळंच गेलं."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. कुणीच केलं नाही.

काकी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आबांकडे बघत होत्या. "वरीस झालं मी ह्यास्नी टाकून बोलतीया," त्या म्हणाल्या. "लेकीम्होरं, पुतण्याम्होरं. वय झालं, हात थरथरत्यात, तुमच्या हातात कुनाचा जीव द्यायचा. काय काय बोललीया मी." मग माझ्याकडे वळल्या. "गाडीचं काय न्हाय गं. लोखांड हाय ते. पर तू आपल्यातली हुतीस म्हनून इस्वास ठिवला."

आणि त्या आत गेल्या. भाकरीचं पुन्हा नाव निघालं नाही. त्या घरात कुणी न जेवता जात नाही, हे मला माहीत होतं.

मी आबांना म्हणाले, मी मॅनेजरना सगळं सांगते, गाडी बदलून मागते, माझी नोकरी गेली तरी चालेल. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी नगं बदलाय. तुज्या काकीचं गुडगं दुकत न्हाईत ह्यात. तू येक कर. माज्यासंगं इंदापूरला चल."

"इंदापूरला?"

"व्याही हाईत तितं. त्यांच्याम्होरं सांग, आता सांगितलंस तसं."

काकी किल्ली घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी ती आबांच्या तळहातावर ठेवली. आम्ही निघालो. आबा चाकापाशी, काकी शेजारी, मी मागे. पहिले काही किलोमीटर आबा बैलगाडीच्या वेगाने चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते. उसाची वाहनं आम्हाला ओलांडून जात होती. काकींनी दरवाजाची मूठ धरली होती, मग मला दिसलं की त्यांनी ती सोडली आणि हात मांडीवर ठेवला. त्यानंतर गाडी हळूहळू वेग घेत गेली. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि व्याह्यांपुढे काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

व्याह्यांच्या घरी वाट आता मुरूम टाकून पक्की केली होती. अंगणात व्याही, त्यांचे दोन भाऊ आणि आबांची लेक अशी माणसं होती. खुर्च्या आल्या, पाणी आलं. आबा म्हणाले, "ही पोरगी गाडीवाली. हिला काय सांगायचं हाय."

मी उभी राहिले. वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी उभी राहून मी पुन्हा सगळं सांगितलं. गाडी वास्तुशांतीला रुतली त्यात आबांची चूक नव्हती. गाडीला ती ताकदच नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

व्याही गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भावाला विचारलं, "कवा रुतली हुती रं गाडी?"

भाऊ म्हणाला, "ते न्हाय का, पाट फुटला हुता तवा."

"हां हां!" व्याही मोठ्याने हसले. "अहो पाव्हणं, त्या दिशी चार गाड्या काढल्या आमी ट्रॅक्टरनं. आमच्या ध्यानात बी न्हाय. तुमी आजून ते धरून बसला हुता व्हय?"

सगळे हसले. आबाही हसले, ओठांपुरते. लेक मात्र हसली नाही. ती बापाकडे बघत राहिली, आणि मग उठून त्यांच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. वर्षभर हा माणूस ज्या लाजेत जगला, ती इथे कुणाच्या आठवणीतसुद्धा नव्हती. मला वाटलं होतं की सगळ्यांसमोर बोलले की माझं ओझं थोडं उतरेल. ते उलट वाढलं. लोकांनी वर्षभर त्यांना नावं ठेवली असती तर मी ती आता पुसली असं तरी म्हणता आलं असतं.

चहा झाल्यावर आबांनी मला इंदापूरच्या स्टँडवर आणून सोडलं. वालचंदनगरची गाडी लागायला वेळ होता. मी म्हटलं, तुम्ही जा. आबा गेले नाहीत. त्यांनी गाडी कडेला लावली आणि इंजिन बंद करून बसून राहिले. मी बाहेर फलाटावर उभी, ते दोघं आत. अर्धा तास झाला असेल. एसटी आली तेव्हा काकींनी काच खाली करून विचारलं, "जागा हाय का बग बसाय." मी हो म्हटलं. मग त्यांनी काच वर केली आणि गाडी वळली.

पुण्यात येऊन मी मॅनेजरना सांगितलं. त्यांनी फाईल मागवली, सही पाहिली आणि म्हणाले, "कागद बरोबर आहे. तक्रार नाही. आपण कशाला उकरून काढायचं?" मी प्रमुखपद सोडलं. ते फार मोठं केलं असं नाही, तोवर ते मला नकोसंच झालं होतं. आता गिऱ्हाईक आलं की त्याने विचारो न विचारो, कुठली चाकं ओढतात ते मी आधी सांगते. काही जण डिझेलसाठी थांबतात, काही दुसऱ्या शोरूमला जातात. बहुतेक जण म्हणतात, आम्हाला काय करायचंय, आणि पेट्रोलचीच घेऊन जातात.

आबांनी मला पुन्हा फोन केला नाही. मागच्या महिन्यात गाडी सर्व्हिसला आली होती. स्वतः चालवत आले होते पिंपळीहून. वर्कशॉपमधल्या मुलाने मला वर येऊन सांगितलं, "तुमच्या गावाकडचे आजोबा आलेत, खाली बसलेत." मी काचेपाशी जाऊन पाहिलं. आबा प्रतीक्षा कक्षात बसले होते, मांडीवर टोपी, समोर न प्यालेली कॉफी. शेजारच्या एका तरुण माणसाला ते काहीतरी समजावत होते, हाताने चाक वळवल्यासारखं करून दाखवत होते.

दोन तास ते तिथे होते. मी खाली गेले नाही.